नामदेवचं रक्त

हे मी बायकोला सांगितलं नाही. ती गेली, तिला न कळताच गेली. मुलगा सर्जन आहे, त्यालाही नाही. त्याला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय! ओळखीच्या लोकांत मी देवमाणूस आहे. हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. मागे कुठल्याशा मंडळाने सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "डॉक्टरांच्या हाताला यश आहे." हाताला! घरी येऊन ती शाल मी कामवाल्या बाईंना देऊन टाकली, तर त्या म्हणाल्या, साहेब, तुमचं मन किती मोठं. घ्या! म्हणजे काहीही करा, सुटका नाही.

परवा मुलगा जेवताना त्याच्या एका ऑपरेशनची गोष्ट सांगत होता. गुदाशयाचा कॅन्सर — म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा. तो भाग मागच्या हाडापासून सोडवताना हाडावरच्या शिरा फुटल्या आणि रक्ताचं तळं झालं. त्याने म्हणे टाचणी ठोकली. फळ्यावर कागद लावायला वापरतात तसली, पण चांगल्या धातूची, निर्जंतुक केलेली. सरळ हाडात ठोकायची, शीर दबते, रक्त थांबतं. त्याला फार मजा वाटत होती. "बाबा, तुमच्या काळी काय करायचात?" मी म्हणालो, "दाबून धरायचो." "आणि तरीही नाही थांबलं तर?" मी त्याला म्हणालो, आमटी घे, गार होतेय.

तर तेच सांगायचंय. आमटीचं नव्हे — त्या शिरांचं.

माकडहाडाच्या वर एक रुंद, पसरट हाड असतं. त्याच्या पुढच्या बाजूला बारीक बारीक शिरांचं जाळं असतं, आणि त्यावर एक पातळ पापुद्रा. पापुद्रा शाबूत आहे तोवर काही नाही. तो फाटला की शिरा तुटतात आणि त्यांची तोंडं हाडाच्या आत ओढली जातात. मग पकडणार काय? चिमटा लावायला जागा नाही. टाका घातला तर टाकाच शीर कापतो. रक्त धमनीसारखं उडत नाही, नुसतं खालून भरत येतं, काळपट, आवाज न करता. त्याला उपाय एकच: बोट ठेवायचं, मग कापडाची लांब पट्टी घट्ट कोंबायची, आणि थांबायचं. आम्ही तिला पॅक म्हणायचो. लागलं तर पॅक आत तसाच ठेवून पोट शिवायचं आणि एक-दोन दिवसांनी काढायचा. मधे उचलून बघायचं नाही. पुण्यात माझे सर आम्हाला असं दाबून उभं करत आणि स्वतः चहा प्यायला जात. परत आले की सावकाश मास्क बांधत, आणि तोवर बहुतेक वेळा रक्त थांबलेलं असे. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला हे फार चांगलं माहीत होतं.

मी नगरला आलो तो दुष्काळाच्या आधी थोडा. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. माणसांची नावंही बदलतोय. हीसुद्धा भीतीच, आणखी काय? बहात्तर साल उजाडलं आणि सगळ्याचाच वैताग सुरू झाला. हात धुवायला पाणी नाही. टँकर आला तर ऑपरेशन, नाही आला तर वाट बघा. पेशंट यायचे ते अर्धे आधीच संपलेले. मिलो, म्हणजे रेशनवरची ती परदेशी लाल ज्वारी, खाऊन आणि खडी फोडून माणसांची चिपाडं झाली होती, आणि त्यांच्यावर मी चाकू चालवायचा. मी तेव्हा तरुण होतो, तापट होतो. कर्जत-जामखेडकडचं माणूस दारात दिसलं की मी आधी ओरडून घ्यायचो, मग तपासायचो. लोक म्हणायचे, डॉक्टर रागीट आहे पण मनाने चांगला. लोकांना हे असलं काहीतरी म्हणायला फार आवडतं.

किसन मिरजगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. चाळिशी ओलांडलेला, उंच, खांदे रुंद पण त्यावर मांस नाही. वर्षभर शौचातून रक्त पडत होतं आणि कुणीतरी मूळव्याध म्हणून पाला खायला देत होतं. वर्षभर! मी बोट घालून तपासलं तर गाठ लागली. तेव्हाही ओरडलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मी सांगितलं की मागचा भाग काढावा लागेल, शौचाची वाट कायमची पोटावर आणावी लागेल. माणसं हे ऐकून उठून जात. किसन म्हणाला, "पोटावं तर पोटावं, डाक्टरसायब. पोरीचं लगीन तेवढं बघू द्या फकस्त." पोरगी तेव्हा परकर-पोलक्यातली होती, बापाचा डबा मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसायची.

रक्ताची गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. तेव्हा रक्त म्हणजे नातेवाइकांनी द्यायचं. आणि रक्त म्हटलं की नातेवाईक गायब! वॉर्डबॉय आत "रक्तगट तपासायचाय" एवढंच म्हणायचा, की मघाशी पेशंटभोवती कोंडाळं करून बसलेली पंधरा माणसं चहाला, तंबाखूला, एस.टी. स्टँडवर पसार. किसनचा मेव्हणा तयार झाला, आणि एक चुलतभाऊ. दोन बाटल्या जमल्या. मला आणखी हव्या होत्या. राहिला धाकटा सख्खा भाऊ, नामदेव. पंचविशीचा, दुष्काळी कामावर खडी फोडणारा, सगळ्यांत धडधाकट तोच. गट जुळत होता. आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हा बाबा खाटेवर आडवाच होईना.

"माजं लगीन ठरलंय, डाक्टरसायब," तो मान खाली घालून म्हणाला. "त्यांच्या कानावं गेलं तर म्हनतील, पोरगं रिकामं झालं. दुपारपत्तुर द्या मला. जिवाला तयार करतो."

जिवाला तयार करतो! माझ्या कानशिलात रक्त चढलं. त्या दिवशी टँकर वेळेवर आला होता, थिएटर तयार होतं, भूल देणारे डॉक्टर आत उभे होते. मी म्हणालो, नको तुझं रक्त, जा, लग्न कर. आणि दोन बाटल्यांवर ऑपरेशन सुरू केलं. कुणी सक्ती केली होती का माझ्यावर? दुपारपर्यंत थांबलो असतो, दुसऱ्या दिवसावर ढकललं असतं, तर काय आभाळ कोसळणार होतं? वर्षभर वाढलेली गाठ एका दिवसाने काय मोठी होणार होती? पण मला त्याला धडा शिकवायचा होता. तुझ्यावाचून अडत नाही, हे दाखवायचं होतं. ऑपरेशनच्या टेबलावर त्याचा भाऊ होता, आणि मी नामदेवशी भांडत होतो.

मी अजून मूळ गोष्टीकडे येत नाहीये, हे माझ्या लक्षात येतंय. येतो.

पोट उघडलं. वरचं सगळं नीट झालं. मग आतड्याचा खालचा भाग मागच्या हाडापासून सोडवायचा. आम्ही तेव्हा तो हाताने सोडवत असू, तळवा मागे सरकवत न्यायचा. सैल असेल तर हात सहज जातो. किसनची गाठ मागे एका ठिकाणी चिकटलेली होती. माझ्या बोटांना ते कळलं. ऐका, मला कळलं होतं. तिथे हात थांबवायचा, दिवा नीट करून घ्यायचा, डोळ्यांनी बघत कात्रीने सोडवायचं. वेळ लागतो, पण तेच करायचं असतं. मी ओढलं. बोटं वाकवून ओढलं, कारण मी सकाळपासून चिडलेलो होतो आणि ती गाठही मला त्या लोकांसारखीच हट्टी वाटली.

बोटांखाली काहीतरी फाटल्याचं जाणवलं आणि ओटीपोट भरत आलं.

मी पॅक कोंबला. दाबला. बरोबर केलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पहिली बाटली लावली आणि म्हणाले, दाबून ठेवा, मी तोवर याला वर आणतो. रक्तदाब सावरला. तेवढ्यावर सोडलं असतं तर? पॅक तसाच ठेवून शिवून बाहेर आलो असतो तर? माहीत नाही. म्हणजे — माहीत आहे. माझ्या हातून पुढे अशा शिरा आणखी काही वेळा फुटल्या, आणि मी दाबून, थांबून, पॅक ठेवून माणसं घरी पाठवली. किसनच्या वेळी मला थांबवेना. मी पॅक उचलला. थांबलंय का बघू म्हणून. थांबत आलेलं परत सुटलं. मी पुन्हा कोंबला, पुन्हा उचलला. टाका घालायला गेलो. हाडावर टाका! सरांनी मला थिएटरबाहेर काढलं असतं. टाक्याने भोक मोठं केलं. भूल देणारे डॉक्टर एकदा म्हणाले, अहो, हात लावू नका आता. मी त्यांच्यावर खेकसलो. दुसरी बाटली लागली आणि संपली. बाहेर निरोप गेला, रक्त पाहिजे, असेल त्याचं, ताबडतोब.

आणि नामदेव बाहेरच होता. कुठेही पळाला नव्हता. कंपाउंडमधल्या लिंबाखाली बसून जिवाला तयार करत होता. पळत आला आणि खाटेवर पडला. बाटली भरली, तपासली, आत आणली. मी अजूनही आत खुडबूड करत होतो. बाटली लावायच्या आत किसन गेला.

हे सगळं मी खून केला असं म्हणून सांगत नाहीये. ऑपरेशनमध्ये माणसं दगावतात, माझ्याही हातून आणखी दगावली. त्यांच्याबद्दल मी रात्रीची झोप सोडली असेल, पण कुणापाशी कबुली द्यावी असं वाटलं नाही. मला जे सांगायचंय ते ह्याच्या पुढचं.

मी बाहेर आलो. व्हरांड्यात सगळे उभे. किसनची बायको पारूबाई, पोरगी, मेव्हणा, गावची दोन म्हातारी माणसं, आणि भिंतीला टेकून नामदेव, कोपरात कापूस दाबलेला. माझ्या गाऊनचा पुढचा भाग सगळा भिजलेला होता. पारूबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि विचारलं, "असं कसं झालं वं?" साधा प्रश्न. मी म्हणू शकलो असतो, बाई, शीर फुटली, मला आवरता आली नाही. त्यांनी काय केलं असतं मला? काही नाही. पाया पडून प्रेत घेऊन गेले असते. तेव्हा डॉक्टरला कोण जाब विचारत होतं?

मी म्हणालो, "रक्त वेळेवर मिळालं असतं, तर वाचला असता."

बस. एवढंच वाक्य. नाव कुणाचं घेतलं नाही, कुणाकडे पाहिलं नाही. मी गाऊनची गाठ सोडत आत निघून गेलो. सगळ्यांनी मात्र नामदेवकडे पाहिलं असणार. मला ते बघायचं नव्हतं, म्हणून तर मी पाठ फिरवली.

खरं म्हणाल तर त्याची बाटली सकाळी मिळाली असती तरी मी उघड्या ठेवलेल्या त्या भोकातून तीही वाहून गेली असती. तिच्यासारख्या आणखी चार वाहून गेल्या असत्या. तिचं पुढे काय झालं सांगू? दुसऱ्या दिवशी सोनईकडची एक बाळंतीण आली, तिला ती लावली. ती वाचली. तिच्या नवऱ्याने मला पेढे दिले आणि मी ते खाल्ले.

काही महिन्यांनी नामदेव पुन्हा हॉस्पिटलच्या दारात. मला वाटलं, भांडायला आला. मी आधीच आवाज चढवून म्हणालो, काय पाहिजे? म्हणाला, "रगत द्याया आलोय. कुनालाबी घाला." रक्त द्यायला माणूस आपल्या पायाने येतो हे आम्हाला नवीनच होतं. रक्त काढणारा आमचा माणूस हरखून गेला. नामदेव आडवा झाला, छताकडे बघत राहिला, आणि मी उगाच तिथे घुटमळत होतो तेव्हा त्याने एकेक सांगितलं. तक्रार म्हणून नाही, हवापाणी सांगावं तसं. सोयऱ्यांनी लग्न मोडलं होतं. ज्याने सख्ख्या भावाला रक्त दिलं नाही तो आमच्या लेकीला काय जपणार, म्हणाले. बघा, रक्त दिलं तर लग्न मोडेल म्हणून भ्यालेला माणूस, आणि मोडलं ते असं!

आणि दहाव्याची गोष्ट. सीना नदीला पाणी नव्हतं, वाळूत झिरा काढून विधी केला. पिंड ठेवला, कावळा शिवेना. पारूबाईंनी हात जोडून सांगितलं, पोरीचं लग्न चांगलं करू. शिवेना. मेव्हण्याने सांगितलं, बैल विकणार नाही. शिवेना. मग कुणीतरी म्हणालं, ह्यो हितं हुभा हाय तवर शिवायचा न्हाई. नामदेवला उठवून काठावर पाठवलं. तो दरड चढून बाभळीपलीकडे गेला, आणि कावळा आला. "माज्या डोळ्यांनी बगितलं, डाक्टरसायब. आलाच." अरे, दुष्काळात कावळे तरी कुठे उरले होते! एखादा चुकार यायचा तेव्हा आला असेल. मला इतका संताप आला त्या गाढवांचा, त्या कावळ्याचा. पण तोंडाने मी काय म्हणालो? म्हणालो, हं. मूठ उघड-मीट करत राहा, रक्त लवकर येईल.

तो येत राहिला. नगरला बाजाराला आला की यायचा. मी म्हणायचो, इतक्यात चालत नाही, मागच्या वेळेला अजून फार दिवस झाले नाहीत. मग मुकाट जायचा आणि पुढच्या खेपेला यायचा. मला त्याचा वैताग यायचा. अक्षरशः वैताग. त्याचं ते फाटकातून चपला काढून येणं, ती बाही वर करणं, "कुनालाबी घाला" म्हणणं. माझ्याच ऑपरेशनांना त्याचं रक्त लागलं, कितीदा तरी. नव्या आलेल्या पोरांना मी त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचो, बघा, खेड्यातला माणूस, शिक्षण नाही, पण समज बघा. हो, असं सांगायचो मी! निर्लज्जपणा म्हणजे आणखी काय असतो?

मग दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं, आणखी काही वर्षं गेली, आणि एकदा तो आला तो धुतलेला सदरा घालून, डोक्याला नवी टोपी. रक्त दिलं. उठून खाटेच्या कडेला बसला. खोलीत आम्ही दोघंच होतो, हे मुद्दाम सांगतो, कारण कुणासमोर लाज वाटली असं म्हणायचीही सोय मला नाही.

म्हणाला, "किसनदादाच्या पोरीचं लगीन हाय. वैनीनं सांगावा धाडला. म्हनली, भावजी, एकडाव डाक्टरसायबांना इचारून या. ते म्हनले की दादा तुमच्यापायी न्हाई गेला, तर अक्षतेला या, पोरीच्या पाठीशी हुभं ऱ्हावा. न्हाईतर नगं." मग म्हणाला, "मंग आता तुमीच सांगा, डाक्टरसायब. म्या सकाळच्याला दिलं आसतं, तर वाचला आसता का वं?"

त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच.

एक शब्द लागत होता. 'नाही.' खरंही तेच होतं. पारूबाईंनी किती शहाणपणाने दार किलकिलं करून ठेवलं होतं! त्यांनाही तो हवाच असणार घरात, नाहीतर कशाला धाडला असता सांगावा? लहान मुलालाही उच्चारता येतो असा शब्द. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, 'मग कशानं गेला?' त्या प्रश्नाला मी भ्यालो. हा माणूस मला काही करणार नव्हता. कदाचित विचारणारही नव्हता. नुसता सुटला असता, हसला असता, आणि लग्नाला गेला असता. मला हे तेव्हाही दिसत होतं.

मी म्हणालो, "हो. वाचला असता."

त्याने मान हलवली. आधीच ठाऊक असलेलं पुन्हा ऐकावं तशी. टोपी नीट केली. कोपरातल्या कापसाकडे त्याचा दुसरा हात गेला, रक्त थांबलं का ते बघायला तो कापूस उचलणार, एवढ्यात मी खेकसलो,

"दाबून धर. मधे मधे उचलून बघू नकोस."

"व्हय, सायब," तो म्हणाला, आणि कापूस दाबून धरून फाटकाबाहेर गेला. त्यानंतर तो आला नाही.